शेवटचं शिंग

घोड्यांच्या टपालगाडीची शेवटची फेरी यायची होती त्या दिवशी कझायाबाई थ्रॉल सकाळपासून इतकं गोड बोलत होती की घरातले तिच्यापासून चार हात लांब राहिले.

“ऑर्फा, दमली असशील. बैस जरा,” असं ती सुनेला म्हणाली, तेव्हा पिठाच्या परातीसकट ऑर्फा एक पाऊल मागे सरली. लग्न होऊन या सराईत आल्यापासून सासूच्या तोंडून ‘ऊठ’ तिनं पुष्कळदा ऐकलं होतं. ‘बैस’ आजच ऐकत होती.

“काय होतंय आई? बरं नाही का?”

“मला काय धाड भरलीय! माणसानं दोन शब्द प्रेमाचे बोलावेत, तर त्याचीही पंचाईत.”

“तसं नाही हो. सवय नाही, म्हणून विचारलं.”

कझायाबाईनं डाव रश्शात गरकन फिरवला आणि चुलीकडे तोंड केलं. उत्तर तिला आवडलं होतं. पण आवडलेलं तोंडावर दाखवलं तर सून डोक्यावर बसते, हे तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं, आणि सासूकडून शिकलेली तेवढी एकच गोष्ट तिनं जन्मभर पाळली होती.

गोडव्याचं कारण पैज होती. त्या साली अमेरिकेतल्या डाकोटा प्रांतात माणसांपेक्षा घरंच जास्त फिरत होती. रेल्वेनं गावाला बगल दिली की गाव उठायचं, लाकडी घरांसकट ओंडक्यांवर चढायचं आणि बैल लावून रुळाकडे निघायचं. शेजारची शाळा गेली, दारूचा गुत्ता गेला, चर्च तर घंटेसकट गेलं, आणि जाताना प्रत्येक खड्ड्याला घंटा वाजत राहिली. मैलभर कुणी मेलंय की कुणाचं लग्न आहे, कळेना. आता ऑर्फाच्या नवऱ्यानं, थोरल्या लेमनं, म्हणजे लेम्युएलनं, ठरवलं होतं की जमीन गोठली की थ्रॉलांची सराईही उचलायची आणि हॅकेट गावच्या रेल्वे ठेशनाशेजारी नेऊन ठेवायची. बैल त्यानं सांगूनही ठेवले होते.

“घर म्हणजे काय कोंबड्यांचं खुराडं आहे का रे?” कझायाबाईनं विचारलं होतं. “उचललं नि इकडचं तिकडे ठेवलं?”

“आई, इथून पुढे या रस्त्यानं वारासुद्धा जाणार नाही. जेवायला कोण येणार? तू नि हिरमकाका समोरासमोर बसून एकमेकांना वाढत राहणार का?”

“या रस्त्यानं जाणारी माणसं आहेत अजून. शेवटच्या गाडीला बघ. शिंग नऊदा वाजलं, तर सराई इथेच राहील. कमी वाजलं, तर ने बापडा, चुलीत घाल नाहीतर हॅकेटला घाल.”

लेमनं लगेच हात पुढे केला. एक तर त्याला ठाऊक होतं की नऊ माणसं येणं शक्य नाही. आणि दुसरं, शिंगावर त्याचा विश्वास होता. गाडी टेकाडावर आली की गाडीवान शिंग फुंकायचा. जितकी माणसं जेवणार तितक्या फुंका. ते ऐकून खाली कझायाबाई रश्शात तितकं पाणी वाढवायची. थ्रॉलांच्या घरात बायबलवर हात ठेवून थापा मारलेल्या होत्या, पण शिंग कधी खोटं वाजलं नव्हतं.

लेम एक गोष्ट विसरला. शिंग फुंकणारा गाडीवान हा त्याचा धाकटा भाऊ एसा होता, आणि त्याला एक आई होती.

एसा मागच्या फेरीला मुक्कामाला होता, तेव्हा कझायाबाईनं त्याला तबेल्यात गाठलं होतं. “गाडीत कुणी असो नसो, नऊ फुंकायच्या. कळलं?”

“पण आई, गाडी रिकामी आली तर?”

“म्हणायचं, आठजण वाटेत उतरले.”

“चालत्या गाडीतून? माळावर?”

“शिकार करायला उतरले म्हण! मला विचारतोस? तीन हिवाळे शाळेत गेले मी, त्यातले दोन तर शाळेची चूल तापते म्हणून गेले. तू तर पाच बुकं शिकलास!”

एसानं मान हलवली होती. एसा कुणालाही मान हलवायचाच. तो त्याचा गुण म्हणा नाहीतर रोग म्हणा.

तर अशी सगळी बांधाबांध झाल्यामुळे कझायाबाई आज गोड होती. त्यातून गंमत अशी की या एका बाबतीत सून तिच्या बाजूची होती. सराई हलू नये असं ऑर्फालाही वाटत होतं, फक्त कारण वेगळं होतं. सराई इथे राहिली तर सासू इथे राहील, आणि लेमनं हॅकेटला चार भिंती उभारल्या तर त्यांतल्या चुलीवर ऑर्फाचा एकटीचा हात असेल. हे तिनं सासूसमोर कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण कझायाबाईला न बोललेलं जास्त ऐकू यायचं.

बोललेलं मात्र अलीकडे कमी यायचं.

दोन हिवाळ्यांपूर्वी ताप आला होता. ताप गेला, जाताना कान घेऊन गेला. सगळे नव्हेत, जवळचं बोलणं यायचं, आणि टोमणा तर भिंतीपलीकडूनही स्वच्छ यायचा. पण लांबचं गेलं. कोल्हे गेले, वारा गेला, आणि टेकाडावरचं शिंग गेलं. ज्या बाईची सगळी पत शिंग ऐकून रस्सा वाढवण्यावर, तिनं हे कुणाला सांगायचं? तिनं सांगितलंच नाही. तिनं युक्ती काढली. शिंग वाजायला लागलं की ऑर्फा खिडकीपाशी ताटल्या मांडायची, एका फुंकेला एक. कझायाबाई चुलीपाशी उभी राहून त्या ताटल्या मोजायची आणि शेवटी खणखणीत आवाजात म्हणायची, “पाच! ऐकलंस ना?” घरात सगळे म्हणायचे, म्हातारीचे कान बघा, या वयात!

आपण एवढ्या हुशार, आणि ही सून एवढी बावळट की तिच्या लक्षातही येत नाही, याचं कझायाबाईला मनातून फार हसू यायचं. शिवाय ऑर्फाची ताटली मांडायची तऱ्हाही अशी की हसावंच. प्रत्येक ताटली अशी उंच धरायची, जणू चर्चमधला प्रसाद आहे, मग सावकाश खाली आणून टेबलावर ठेवायची. “ताटली मांडतेस की कवायत करतेस?” असं कझायाबाईनं तिला कितीदा तरी हाणलं होतं. ऑर्फा ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत तशीच उंच धरायची. मठ्ठ पोर.

दुपार कलायला आली तसा लेम बूट आपटत आत आला. त्याच्या मागून थंडीचा एक झोत आणि बैलांचा वास आला.

“बैल आणलेससुद्धा?” कझायाबाई म्हणाली. “नवरी ठरली नाही नि वाजंत्री दारात!”

“मंगळवारपर्यंतच मिळताहेत, आणि जमीन आज-उद्या गोठेलच, म्हणून आणले.”

“बरं केलंस. उपाशी नको परत पाठवूस, त्यांनाही दोन घास घाल. रिकामेच जायचेत बिचारे.”

चुलीच्या पलीकडे खुर्चीत हिरम खुसखुसला. हा तिच्या मेलेल्या नवऱ्याचा, एझ्राचा, भाऊ. आठवडाभर राहायला म्हणून आला होता, ते एझ्रा थ्रॉल जिवंत असताना. “वहिनी, पैज हरलात तर?”

“तुम्ही कुणाच्या बाजूचे, भाऊजी? परवा तर म्हणत होतात, ही खुर्ची हलवली तर मी मरेन.”

“म्हणत होतो. पण हॅकेटला गुत्ता उघडलाय म्हणे. खुर्ची तिथेही ठेवता येईल.”

“बघा! तत्त्वाचा माणूस,” कझायाबाई म्हणाली. “थ्रॉलांचं रक्त.”

लेमला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. तो टेबलापाशी आला आणि आईच्या जवळ वाकून हळू बोलला. “आई, मी वाईट म्हणून नाही करत. तुला इथे टाकून आम्ही जायचं का? ऑर्फा म्हणते, तू यायचीच नाहीस. ती म्हणते, वेगळं घर बांधू.”

“शहाणी आहे ती.”

“मला ते नको आहे.”

“मग नको असू दे. शिंगावर ठरलंय ना? शिंग सांगेल.” आणि तिनं रस्सा ढवळायला घेतला. ‘टाकून’ हा शब्द लेमनं वापरायला नको होता. इतके दिवस तिला वाटत होतं की ती राहणार आहे. राहणं आणि टाकलं जाणं, घर तेच, चूल तीच. पण शब्द फिरला की रस्सा कसा बेचव लागतो.

एवढ्यात ऑर्फाची मान वर झाली.

कझायाबाई सावध झाली. लेम दाराकडे वळला, हिरमनं खुर्ची पुढे सरकवली. ऑर्फानं ताटली उंच धरली, खाली ठेवली. एक. दुसरी. तिसरी. चौथी. कझायाबाई ओठ न हलवता मोजत होती. वा रे एसा! पाचवी ताटली ऑर्फानं उचलली, उंच धरली, आणि हात तसाच राहिला.

खाली येईना.

कझायाबाई वाट बघत राहिली. ऑर्फा खिडकीबाहेर बघत होती, ताटली हवेत. चार? एसानं चारच फुंकल्या? छे. एसा नेभळट असेल, पण आईशी दगा करणार नाही. मग उजेड पडला: सुनेनंच डाव उलटवला होता! नवऱ्यानं रात्री कान फुंकले असणार, आणि बाई ताटल्या चोरतेय. कझायाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं डाव भांड्यावर आपटला आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

“नऊ! पुरत्या नऊ वाजल्या! ऐकल्या ना सगळ्यांनी? ऑर्फा, बाकीच्या ताटल्या मांड!”

लेम तिच्याकडे बघत होता, हिरम तिच्याकडे बघत होता. बघण्याची ती तऱ्हा तिला माहीत होती. लंगड्या घोड्याला लोक तसं बघतात.

“आई,” लेम म्हणाला, “शिंग अजून वाजतंय.”

“काय?”

“थांबतच नाहीये ते,” हिरम म्हणाला. “आता मधे उसंतसुद्धा नाही. पोरगं शिंगावर पडून मेलं की काय?”

कझायाबाईनं खिडकीकडे पाहिलं. टेकाडावरून गाडी उतरत होती, धुरळा उठत होता, आणि वरच्या बाकावर एसा गाल फुगवून, लालबुंद होऊन फुंकत होता, फुंकत होता. तिच्यापर्यंत त्यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. पातेल्यातला रस्सा रटरटत होता, तेवढंच.

लेम बायकोकडे वळला. “तुला ठाऊक होतं?”

“मला काय ठाऊक असणार?” ऑर्फानं ताटली खाली ठेवली, या वेळी साधीच, जशी कुणीही ठेवेल. “आई चुलीपाशी आहेत. रश्शाचा आवाज काय कमी आहे? मलासुद्धा नीट येत नव्हतं.”

ती खोटं बोलत होती, आणि लेमकडे सरळ बघून बोलत होती.

तेव्हा कुठे कझायाबाईला ती उंच धरलेली ताटली समजली. दोन हिवाळे रोज, गाडीमागून गाडी, ही पोरगी हात उंच करत होती. तिथे, खिडकीच्या उजेडात, जिथे चुलीपाशी उभ्या असलेल्या म्हातारीला दिसेल. वर टोमणे खात होती. मठ्ठ म्हणायचं तर घरात मठ्ठ एकच होतं, आणि ते डाव घेऊन उभं होतं. हुशारी म्हणून जी मिरवली, ती सुनेनं पुरवलेली होती. कझायाबाईला वाटलं, पातेल्यात तोंड घालावं. मग वाटलं, रस्सा फार कढत आहे.

“हो, रश्शाचा आवाज,” ती म्हणाली. मग तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

गाडी दारात थांबली. लेम तरातरा बाहेर गेला आणि भावाला कॉलरला धरूनच आत घेऊन आला. एसाचे ओठ सुजले होते.

“हा काय प्रकार? किती माणसं आहेत गाडीत?”

“एक,” एसा म्हणाला.

“एक! मग वाजवत काय होतास?”

“मग काय करू?” एसा जवळजवळ रडकुंडीला आला. “आई म्हणाली, नऊ फुंक. तू म्हणालास, आहेत तितक्याच फुंक, एक जास्त नको. वहिनी म्हणाली, भावजी, नऊ फुंका, पण आईंनी सांगितलं असं कुणाला कळू देऊ नका. हिरमकाका म्हणाले, काहीही झालं तरी एकच, मी तुला हॅकेटला पाजीन. मी सगळ्यांना हो म्हटलं होतं! म्हटलं, वाजवतच राहावं. ज्याला जितकं हवं तितकं ऐकू येईल.”

सगळी तोंडं हिरमच्या खुर्चीकडे वळली.

“काका!” लेम म्हणाला.

“भाऊजी!” कझायाबाई म्हणाली.

“मी तर खरंच सांगितलं होतं,” हिरम म्हणाला. “एक म्हटलं, आलाही एकच. घरात प्रामाणिक माणूस मीच निघालो.”

“ऑर्फा, तूसुद्धा?” लेम म्हणाला.

ऑर्फानं पदर नसल्यामुळे एप्रनलाच हात पुसले. “मला वाटलं, एकदा तरी आईंच्या बाजूला उभं राहून बघावं. कसं वाटतं ते.”

“कसं वाटलं?” कझायाबाईनं विचारलं.

“भावजींच्या कानाशी गर्दी होती,” ऑर्फा म्हणाली.

दारात कुणी तरी खाकरलं. पाहुणा आत आला होता, नि कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. पांढऱ्या कल्ल्यांचा, फाटक्या अस्तराच्या कोटाचा माणूस. वीज पडू नये म्हणून घरांवर बसवायच्या सळ्या विकत हिंडणारा. पेटीबोन म्हणून नाव सांगितलं.

“बसा, बसा,” कझायाबाई एकदम सराईवाली झाली. “शेवटचे पाहुणे तुम्ही. रस्सा वाढते.”

“रस्सा नको बाई,” पेटीबोन घाईनं म्हणाला. “रश्शासाठी मी नाही आलो. मला फक्त पाई द्या, ती सुकी सफरचंदं भरून भाजलेली. मी या रस्त्यानं पाचदा गेलो, आणि पाचही वेळा तुमच्या रश्शानं जीभ पोळली. तो निवेपर्यंत गाडीवान ‘चला, चला’ ओरडायचा. पाई तिथे टेबलाच्या टोकाला दिसायची, पण तिच्यापर्यंत कधी पोचलो नाही. आज ठरवूनच आलो. उद्या ही गाडी नाही, मग ही पाई कुठून?”

एसानं दुसरीकडे बघितलं. थ्रॉलांच्या सराईची ती खुबी होती. रस्सा उकळता वाढायचा, गाडीवान घरचाच होता. आणि पाई तशीच राहायची, पुढच्या गाडीला परत दिसायला.

“बाहेर तुमच्या सराईला काय म्हणतात, ठाऊक आहे?” पेटीबोननं बसता बसता विचारलं. “जीभपोळी!”

“म्हणू देत,” कझायाबाई ताठ मानेनं म्हणाली. “नाव तर आहे.”

तिनं पाई आणली, चांगला मोठा तुकडा कापला आणि त्याच्यासमोर ठेवला. मग सगळं घर त्याच्याभोवती उभं राहिलं. इतक्या वर्षांत थ्रॉलांची पाई कुणी खाताना पाहिली नव्हती.

पेटीबोननं घास घेतला. चावला. चावत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“कशी आहे?” कझायाबाईनं विचारलं.

“बाई,” तो म्हणाला, “रस्सा वाढा.”

आधी हिरम फुटला, मग एसा, सुजल्या ओठांनी. कझायाबाईनं एक तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला. साखरेच्या जागी काय पडलं होतं देव जाणे. पण खोगीर चघळल्यासारखं होतं. आणि ही पाई तिनं तोऱ्यानं टेबलाच्या टोकाला मिरवली होती, दर गाडीला!

“मला कुणी सांगितलं का नाही?” तिनं विचारलं.

“खायची कुणाची छाती होती?” लेम म्हणाला. “ती गिऱ्हाइकांची होती ना.”

कझायाबाईला हसू आलं. आधी तोंडातल्या तोंडात, मग पोटातून. बाकावर बसावं लागलं. एका दिवसात कान गेले, पैज गेली, पाई गेली. माणसाकडं गर्वाचं सामान तरी किती, आणि लोकांसमोर सगळं एकदम उघडं! ऑर्फा हसत नव्हती. तिनं पेटीबोनला रस्सा वाढला आणि तो निवावा म्हणून ताटली खिडकीत ठेवली.

आई पैज हरली होती, आणि लेम बुटाच्या टोकानं फळी उकरत होता. हरलेल्या आईशी कसं बोलायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं; सराव नव्हता. बाहेर बैल धापा टाकत उभे होते.

पेटीबोननं सहज विचारलं, “म्हणजे तुम्ही हॅकेटला येताय तर? ठेशनाजवळ? मग कपांना दोऱ्या बांधा बरं. माझी खोली रुळाशेजारीच आहे. गाडी दिसायच्या, ऐकू यायच्या आधी कप बशीत नाचायला लागतो. फरशी थरथरते. परवा माझी चहाची किटली चालत टेबलाच्या काठापर्यंत गेली. मी म्हटलं, आली गाडी. तर शिट्टी मागाहून वाजली.”

कझायाबाईचं हसू थांबलं.

“परत सांगा,” ती म्हणाली.

“काय?”

“फरशीचं. किती आधी थरथरते?”

“पुष्कळ आधी. कुत्र्यांना कळायच्या आधी.”

तिनं टेबलावर पालथा हात ठेवला, तळव्याला काही कळतं का ते बघत. मग लेमकडे न बघता म्हणाली, “बैलांना मंगळवारपर्यंत खायला घालणार आहेस, की आजच जुंपणार?”

“आई, तू येणार?”

“मी कुठे जातेय? मी माझ्या घरात बसणार. घर कुठे न्यायचं ते तुझं तू बघ. चूल विझवायची नाही, एवढंच. चुलीसकट नाही नेता आलं तर नेऊच नका.”

ऑर्फानं मागून हळूच एक श्वास सोडला. तो कझायाबाईला ऐकू आला नाही, पण पाठीला कळला. सुनेच्या चार भिंती गेल्या होत्या.

“आणि ऑर्फा,” कझायाबाई म्हणाली, अजून टेबलाकडे बघत, “तिथे चुलीचं तू बघ. पाई तर तूच करायची, ते आता जगजाहीर आहे. पण रस्साही तू कर. आणि तो असा वाढ की माणसाला खाता येईल.”

“आणि तुम्ही?”

“मला गाडीकडं लक्ष द्यायचं असतं. दोन कामं एका वेळी व्हायची नाहीत या वयात.”

मंगळवारच्या आतच जमीन लोखंडासारखी गोठली, तेव्हा थ्रॉलांची सराई ओंडक्यांवर चढली आणि माळावरून निघाली. धुराड्यातून धूर निघत होता, आणि चुलीपाशी कझायाबाई भिंतीला धरून, प्रत्येक बैलाला नावानं शिव्या देत बसली होती. पुढे एसा होता. गाडी गेली होती तरी शिंग गळ्यात होतं, आणि वाटेत ज्यानं त्यानं वाजवायला सांगितलं त्याच्यासाठी त्यानं वाजवलं. हिरम खुर्चीत बसून आला, खुर्चीसकट.

हॅकेटला पोचल्यावर बैल वळले नाहीत. वळायला जागाच नव्हती. घर टेकलं ते उलटं: मोठं दार मोकळ्या माळाकडे आणि स्वयंपाकघर रुळाकडे.

लेम डोकं धरून उभा राहिला. “आई, सगळं गाव हसेल! पाहुण्यांनी मागच्या दारानं, चुलीतून यायचं का?”

“जगाकडे पाठ करून बसलो म्हणतील,” कझायाबाई म्हणाली. “म्हणू देत. आपल्या घराण्याला शोभतं ते. राहू दे असंच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चुलीपासची बैठक सोडली आणि रुळाकडच्या भिंतीला खुर्ची लावली. बूट काढले, मोजे काढले. म्हातारीचे पाय एवढ्या थंडीत उघडे बघून लेम काही म्हणणार होता. ऑर्फानं त्याच्याकडे पाहिलं, तो बाहेर गेला.

ऑर्फा कणीक तिंबत होती. हिरम झोपला होता. बाहेर कुणी बोलत नव्हतं, कुत्रंही नाही.

कझायाबाईनं डोळे मिटले होते. तळवे फळ्यांवर टेकलेले. मग तिनं एकाएकी मान वर केली.

“आली,” ती म्हणाली.

ऑर्फानं कान दिला. काही नव्हतं. तरी तिनं हात पुसले आणि ताटल्या घेतल्या. कपाटातल्या कपांना बारीक कापरं भरलं, आणि त्यानंतर कितीतरी वेळानं, माळाच्या पार टोकाला, शिट्टी वाजली.

“आई, शिट्टी तर एकच वाजली,” ऑर्फा म्हणाली. हातात ताटल्यांची चवड होती. “किती मांडू?”

“ते तू मोज,” कझायाबाई म्हणाली आणि पाय परत फळीवर नीट टेकवले. “इतके दिवस मोजतेच आहेस.”